डाव्या बाजूचा पोचा

“बाबा, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?”

बस, एवढंच विचारायचं होतं. शाळेच्या विहिरीपाशी बसून आम्ही बोरं खात होतो आणि कांतानं सगळ्या पोरींसमोर मला हे आव्हान टाकलं होतं.

“भाषण करताना तर मोठी गरजतेस वो माणिक,” ती म्हणाली. “मंग घरी जाऊन इचार ना बापाले. का तिथं दातखीळ बसते?”

“कायले इचारू? काका चालवत होता. साऱ्या हिंगणघाटाले माहीत हाय.”

“माह्या बाबानं पाह्यलं ना पण. अल्लीपूरच्या वेशीतून तुमचा टरक निघाला तवा स्टेरिंगवर मास्तर होते, तुहे बाबा. अन् तुहा काका बाजूले बसून हासून राह्यला होता.”

“मंग पुढं जागा बदलली असन.”

“असन. म्हणूनच म्हणून राह्यली, इचार. नाई इचारलं तं पुन्हा स्टेजवर चढू नोको.”

विचारीन, मी म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाच नाही म्हणत नव्हते. शाळेच्या संमेलनात हातात कागद न धरता बोलले होते, मोठ्या बाईंनी पाठ थोपटली होती, आणि घरी येताना रस्त्यातली कडुनिंबाची झाडं माझंच ऐकायला उभी आहेत असं वाटलं होतं. आमच्या घरात मात्र त्या वर्षी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मीच काय ती हसायची, धावायची, ओरडून आईला हाक मारायची आणि मग कोणाचं तरी तोंड बघून गप्प व्हायची.

अच्युतकाकाला जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध. मागच्या मार्गशीर्षात अल्लीपूरच्या शेतावरून कापूस भरून येताना नाल्याच्या उतारावर ट्रक सुटला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. आत दोघंच होते, काका आणि बाबा. बाबांच्या हाताला खरचटलं. काका तिथंच गेला. मागून येणारे बैलबंडीवाले धावत पोचले तेव्हा बाबांनी त्याला खाली उतरवून रस्त्यावर निजवलं होतं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ‘अच्युत चालवत होता,’ एवढंच ते बोलले. तेच शिपायांनी लिहून घेतलं, तेच आजीच्या कानावर आलं.

आजीनं त्याला आपलं एक वाक्य जोडलं. त्या सकाळी काकाचं आणि सुमतीकाकूचं काहीतरी वाजलं होतं आणि काका भाकर न खाता निघून गेला होता. आल्यागेल्याजवळ आजी म्हणायची, “उपाशी धाडलं हिनं माह्या लेकाले. चक्कर आली त्याले स्टेरिंगवर. नाई तं माहा अच्युत डोये मिटून अल्लीपूर करत होता.”

आणि काकूनं ते मान्य करून टाकलं होतं. भांडण कशावरून झालं तेही तिला धड आठवत नव्हतं, पण ताट तिनं रागानं उचलून ठेवलं होतं हे आठवत होतं. तेव्हापासून ती सकाळची भाकर खायची नाही. आई रोज तिच्यासमोर ताट ठेवायची, ती रोज ते सरकवायची. दुपार कलली की चुलीकडे तोंड करून काहीतरी गिळायची. तीस वर्षांचीही नव्हती, पण मनगटावरचं कातडं म्हातारीसारखं लोंबायला लागलं होतं. श्राद्ध झालं की तिचा भाऊ गिरडहून बंडी घेऊन तिला न्यायला येणार होता. “माह्यानं तिचं तोंड पाहवत नाई,” आजी म्हणाली होती. कायमचं, असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी काकूची पेटी भरून दाराशी आली होती.

बरं, बाबांना सरळ विचारून टाकायची सोय काकूला नव्हती. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासरा दिसला की सुनेनं पदर पुढे ओढायचा आणि भिंतीकडे वळायचं. त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानंही हिचं नाव घ्यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या दोघांनी एकमेकांशी एक शब्द बोललेला मी ऐकला नाही. जे काही असेल ते माझ्यातून जायचं. “माणिक, तुह्या बाबाइले इचार, आंघोळीले पाणी काढू का?” “माणिक, काकूला सांग, काढ.” दोघंही हातभर अंतरावर, दोघांनाही दुसऱ्याचं स्वच्छ ऐकू आलेलं, तरी मी मध्ये उभी राहून ते पुन्हा म्हणायची. शिवाय बाबा मास्तर. माझ्याशी शाळेची भाषा बोलायचे आणि मीही तीच बोलावी असा त्यांचा नियम होता. त्यामुळे काकूचं बोलणं मी धुऊन-पुसून बाबांकडे न्यायची. मला त्यात मोठी गंमत वाटायची. दुभाष्या मीच, वकीलही मीच.

गाडी वर्षभर मागच्या आवारात ताडपत्रीखाली होती. बाबांनी स्वतः दोर आवळले होते आणि तिकडे कोणी फिरकायचं नाही अशी ताकीद दिली होती. भंगारात देऊन टाकू, असं ते अधूनमधून म्हणायचे. आजोबा काही बोलायचे नाहीत. शनिवारी जेवताना बोलले.

“कापूस निघून राह्यला. गाडी रस्त्यावर पाह्यजे.”

“कायले अण्णा?” बाबा म्हणाले. “तिच्याकडं पाहवत नाई.”

“माह्यानं पाहवते. लेकानं मिलिटरीच्या लिलावातून हौसेनं आणली. तिले काय गंज खाऊ देऊ? डायवर ठेवू एखादा. तो आतला बोर्ड पिचकला म्हणत होता ना तू? नत्थूजी मिस्तरीले उद्या घरी बोलावतो.”

बाबांचा घास हातातच राहिला. “मिस्तरीले घरी नका बोलावू,” ते म्हणाले. “बोर्ड मी काढतो अन् नेऊन देतो त्याच्याकडं.”

“तुले येते का?” आजीनं विचारलं.

“चार स्क्रू तर हायेत.”

*

चार नव्हते. रविवारी सकाळी बाबांनी मला उठवलं. “चल, तुझी बोटं बारीक आहेत. मागच्या बाजूला माझा हात पोचणार नाही.” घरात इतकी माणसं असताना त्यांनी मलाच का नेलं ते तेव्हा कळलं नाही. मी आपली खूश. ट्रकच्या पोटात शिरायला मिळणार होतं, आणि प्रश्न विचारायला यापेक्षा चांगली जागा कुठली!

ताडपत्री ओढली तेव्हा धुळीबरोबर कापसाचे तांबूस पडलेले पुंजके खाली आले. मागच्या वर्षीचा कापूस. फाळक्याच्या फटीत अडकून राहिलेला. बाबांनी ते पुंजके उचलून उगीचच खिशात टाकले. मग दार उघडलं.

वर्षभर मी मनात एक चित्र काढून ठेवलं होतं. मोडलेलं स्टेअरिंग, फुटलेल्या काचा, त्याच्यामागे काका. प्रत्यक्षात उजवीकडचं स्टेअरिंग अगदी गोल, काळं, धड होतं. त्याच्या समोरची मीटरंही जागेवर होती. वेगाचं, तेलाचं, बॅटरीचं. एकाच काचेला चीर गेली होती. पण डावीकडे, जिथं बाजूचा माणूस बसतो तिथं, डॅशबोर्डाचा पत्रा आत गेला होता. कळशी दगडावर आपटली की पोचा पडतो तसा, पण परातीएवढा.

“तिथं बस,” बाबा म्हणाले, आणि मी डाव्या बाजूला बसले. पोचा बरोबर माझ्या छातीसमोर आला.

मी मागे सरकले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

“आधी बॅटरीची तार काढायची,” ते म्हणाले. “बॅटरी मेली असली तरी काढायची. अच्युत म्हणायचा, अशानं हातही वाचतो आणि सवयही राहते.” मग ते उताणे होऊन डॅशबोर्डाखाली शिरले. मला त्यांचे नुसते पाय आणि पोट दिसत होतं. “दोरा घे. लाल तारेला एक गाठ, पिवळीला दोन, काळीला तीन. म्हणजे परत लावताना चुकायला नको. बांधलीस?”

“बांधली.”

“आता मागून हात घाल. मीटरला एक फिरकी आहे, ती सोड. तिच्यातून केबल निघेल.”

स्क्रू गंजले होते. बाबांनी घासलेट सोडलं, थांबले, पेचकस लावून जोर केला. पेचकस निसटून हाताला लागला. त्यांनी तो हात झटकला आणि पुन्हा लावला. वर्गात फळ्यावर गणित चुकलं की ते असेच ओठ दाबून पुन्हा मांडायचे. तेलाच्या मीटरला तांब्याची बारीक नळी होती. ती वाकली तर गाडी कामातून जाईल म्हणाले, म्हणून मी ती दोन बोटांत धरून बसले.

तेव्हाच मी विचारलं. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून सोपं गेलं.

पेचकस थांबला.

“कोणी विचारायला सांगितलं?”

“कांतानं. तिच्या बाबांनी, महादेवरावांनी, वेशीपाशी पाहिलं होतं.”

“ते वेशीपाशी.”

“आणि पुढे?”

त्यांचं पोट श्वासानं वर-खाली होत होतं. मी पोच्याकडे पाहिलं, स्टेअरिंगकडे पाहिलं, पुन्हा पोच्याकडे. पैज जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. विचारलेला प्रश्न तोंडात परत घालता आला असता तर मी घातला असता.

“नळी धर,” बाबा म्हणाले. “वाकू देऊ नको.”

बोर्ड सुटला तेव्हा आम्ही दोघांनी तो बाहेर काढला. उजवीकडे मीटरांची गोल भोकं, डावीकडे पोचा. आवारात बाबांनी रेतीनं भरलेलं पोतं आधीच आणून ठेवलं होतं, शेजारी लाकडी हातोडा. तेव्हा कुठं मला कळलं की नत्थूजीकडे न्यायच्या आधीच त्यांना तो पत्रा सपाट करून टाकायचा होता. मिस्तरीच्या हाती जाईल तो नुसता खरचटलेला बोर्ड. त्यांनी बोर्ड पोत्यावर पालथा घातला आणि मागून पहिला घाव घातला.

ठण्ण!

आवाज घरावरून पलीकडे गेला.

*

सुमतीकाकू विहिरीवर होती. तो आवाज तिनं ऐकला आणि भरलेली बादली तशीच सोडून आली. गाडी दुरुस्त व्हायची आहे हे तिला ठाऊक होतं, पण गाडीवर हातोडा पडतोय हे तिला सहन झालं नाही, असं तिनं मला पुढं सांगितलं. ट्रकचं दार उघडंच होतं. पदर नाकापर्यंत ओढून ती त्या दाराआड उभी राहिली. दाराच्या या बाजूला बाबा. मध्ये मी.

“माणिक, तुह्या बाबाइले सांग, थांबा म्हणा. मले पाहू द्या.”

“बाबा, काकू म्हणते थांबा. तिला पाहायचंय.”

बाबा हातोडा खाली ठेवून तोंड फिरवून उभे राहिले. काकू पुढे आली, बसली. बोर्ड तिनं सुलटा केला. आधी गोल भोकांवरून बोट फिरवलं.

“इथं ते घड्याळं राह्यतात ना वो? डायवरच्या समोर?”

“हो काकू.”

मग तिनं पोच्यात पंजा ठेवला. पंजा पुरेना म्हणून दुसराही ठेवला. काका गाडी धुवायचा तेव्हा ती त्याला फडकं पिळून द्यायची. त्या गाडीची उजवी-डावी तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुह्या बाबाइले इचार, तुहे काका कोण्या बाजूनं बसले होते.”

बाबांनी ऐकलं होतंच. त्यांची मान खाली गेली होती. पण ते बोलले नाहीत, आमच्यातली रीतच तशी, आणि काकूही माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. मला विचारावंच लागलं.

“बाबा, काकू विचारते, काका कोणत्या बाजूला बसला होता.”

“सांग...” बाबांनी तेलकट हात सदऱ्याला पुसले. “डाव्या.”

“काकू, बाबा म्हणतात, डाव्या.”

“मंग गाडी?”

“बाबा, मग गाडी?”

“मी.” आणि मग त्यांची शाळेची भाषाच सुटली. “सांग तिले, मी चालवत होतो. त्यानं नाई म्हटलं होतं उतारावर. मीच म्हटलं, शिकू दे बे आता पुरतं. ‘ब्रेक दादा, ब्रेक’ म्हणून राह्यला होता तो. माहा पाय दुसरीकडंच पडला.”

हजार माणसांसमोर बोलणारी मी. माझ्या तोंडातून शब्द निघेनात. काकूनं सगळं ऐकलेलं होतं, तरी ती वाट बघत होती. कोणीतरी तिला ते तिच्याकडे तोंड करून सांगायला हवं होतं.

“काकू,” मी म्हटलं, “बाबा म्हणतात, गाडी बाबा चालवत होते.”

तिनं मान हलवली. रडली नाही. “इचार, त्याइले चक्कर आली होती का.”

“नाई,” बाबा मला म्हणाले. “नाई म्हणून सांग. चांगला बोलून राह्यला होता. अन् उपाशीबी नव्हता तो. शेतावर जेवला. गड्यानं भरीत केलतं. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. सांग तिले.”

“काकू, काका शेतावर जेवला होता. भरीत आणि दोन भाकरी.”

“दोन?” काकूनं मला विचारलं.

“हो. दोन.”

“दोन भाकरी,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. पोच्यावर डोकं टेकून ती इतकी रडली की पत्राही तिच्या हुंदक्यांबरोबर हलकेच वाजत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पदर घसरून खांद्यावर आला, आणि भासऱ्यासमोर तिचं डोकं उघडं पडलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तोंड फिरवायची पाळी आज त्यांची होती.

शेवटी तिनं डोळे पुसले, पदर घेतला. बोर्ड पुन्हा पालथा घातला आणि त्याची कड दोन्ही हातांनी पोत्यावर दाबून धरली.

“सांग, ठोका म्हणा आता. त्याइले गाडीवर पोचा खपत नव्हता.”

बाबा वळले. हातोडा उचलला. त्यांनी घाव घातला. काकूनं पत्रा सरकवला. पुन्हा घाव. एकदाही त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण पत्रा मात्र बरोबर फिरत राहिला, कडेकडेनं आत, जिथं वर यायला हवा तिथंच. वर्षभर बाबांना तो पोचा दिसत होता. ताडपत्री असताना, वर्गात शिकवताना, जेवताना. नाल्यापाशी ते घाबरून खोटं बोलले होते. लायसन नव्हतं, मास्तरकी जाईल, तुरुंग होईल, असं सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढं आलं होतं. पण उपाशीपोटी चक्कर आल्याचं दुसरं खोटं त्यांनी कधी तोंडानं उच्चारलंच नव्हतं. ते आजी बोलली, आणि ते समोर बसून जेवत राहिले. त्यांना स्वतःचं जेवणंच जास्त आठवत होतं, असं ते मला पुढं म्हणाले. घाव घालता घालता ते काहीतरी पुटपुटले, आणि मला वाटलं मला काही सांगताहेत म्हणून मी पुढे झाले, तर ते नुसतं “अच्युत, अच्युत” चाललं होतं.

पत्रा वर आला. अगदी सपाट नाही. तिथं पाण्यावर वारा जातो तशा लाटा राहिल्या.

*

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. काकू आत आली, हात धुतले, आणि पाटावर बसली.

“बाई, भाकर हाय का?”

आईचा हात परातीतच थांबला. सकाळची वेळ होती. दारातून मी दोघींना बघत होते. आईचं तोंड पिठासारखं झालं, आणि तिच्या त्या तोंडावरून मला कळलं की आईला माहीत होतं. पहिल्यापासून.

काकूलाही कळलं.

“तुमाले माहीत होतं.”

तव्यावरची भाकर करपायला लागली.

“बाई, मी इचारून राह्यली. तुमी रोज सकाळी माह्यासमोर ताट ठेवत होत्या. मी सरकवत होती. तवा तुमाले माहीत होतं?”

“म्हणून तर ठेवत होती,” आई म्हणाली. “रोज वाटे, आज ही खाईन. आज खाईन. मी कायची खात होती सुमती? माह्या बी नरड्याखाली...”

“तुमच्या नरड्याखाली उतरत होतं. मी पाह्यत होती ना.”

“याइची नोकरी गेली असती. तुरुंगात टाकलं असतं. ही पोट्टी लग्नाची...”

“अन् माहं काय होतं?”

आईनं करपलेली भाकर बाजूला टाकली. दुसरी घातली. फुगली तशी उतरवली, ताटात ठेवली, वर तेल-मिरचीचा ठेचा. ताट काकूपुढे ठेवताना तिचे दोन्ही हात जमिनीला टेकले. पाया पडली की तोल गेला, मला सांगता येणार नाही. थोरली जाऊ धाकटीच्या पाया पडत नाही.

काकूनं घास मोडला. हळूहळू चावून खाल्ला. “वाढा आणखी,” ती म्हणाली. आईनं दुसरी वाढली.

ती दुसरी भाकर खात होती तेव्हाच आजी आली.

“अवो बाई! लागली का भूक?” आजी उंबऱ्यावर हात टेकून उभी. “वर्षभर मोठं उपासाचं नाटक. आता माहेरची बंडी येऊन राह्यली तं दोन-दोन भाकरी?”

मी आईकडे पाहिलं. आईनं चुलीत काटकी सारली. मी काकूकडे पाहिलं. आता बोलेल, आता सगळं घर हादरेल. काकूनं घास गिळला, पाणी प्यायली आणि ताट उचलून बाहेर गेली.

मी तिच्यामागे मोरीपर्यंत धावले. “काकू, तू बोलली काऊन नाई?”

“काय बोलू?” ती राखेनं ताट घासत होती. “माह्या तोंडून ऐकन का बुढी? म्हणन, जाता जाता भासऱ्यावर आळ घेऊन राह्यली. माह्या भावालेबी तेच वाटन. मले ठाऊक झालं, लय झालं बाप्पा. तू जा, अभ्यास कर.”

पण तिचे हात ताटावर थांबले होते. “गिरडले गेली तरी सारे म्हणतीन, नवऱ्याले उपाशी धाडणारी ती हीच,” ती म्हणाली. मला नाही, ताटाला.

*

दिवेलागणीला आई-बाबा माजघराशेजारच्या खोलीत बोलत होते. दुपारी बाबा बोर्ड नत्थूजीकडे रंगाला देऊन आले होते. नत्थूजीनं पत्र्यावर हात फिरवून ‘घरीच ठोकला वाटते’ एवढं म्हटलं होतं. मी दार न वाजवता आत गेले.

“ये माणिक,” बाबा म्हणाले. वर्षात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा होता. “बस. आजीला यातलं काही बोलू नको. श्राद्ध नीट पार पडू दे. काकूच्या मनावरचं ओझं तर गेलं ना? मी तिला सगळं सांगितलं आज.”

“तुम्ही नाही सांगितलं,” मी म्हटलं. “मी सांगितलं.”

बाबा बघत राहिले.

“बापाशी असं बोलतेत का?” आई म्हणाली. “अन् तिच्यासाठीबी बरंच हाय ते. गिरडले माय हाय, भाऊ हाय. इथं बुढी रोज टोचन तिले.”

“आजी टोचते कशामुळे, आई?”

बाहेर आजी तुळशीपाशी दिवा लावत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. लेकाच्या फोटोसमोरही ती रोज एक दिवा लावायची. तिचं काय होईल हे माझ्याही मनात आलं. एक लेक गेला, आणि दुसऱ्यानं... मला पुढे विचार करवेना.

बाबांनी बराच वेळ हाताची जखम चोळली. पेचकस लागलेला तोच हात. मग हळूच म्हणाले, “बरं. कळायलाच हवं असेल तर कळू दे. पण माझ्यानं आईसमोर नाही होणार ते. तू सांग तिला, माणिक. तुझ्यावर तिचा जीव आहे. हळूहळू, समजावून. तुला बोलायला चांगलं येतं.”

एरवी असं कोणी म्हटलं असतं तर मी उड्या मारल्या असत्या. आता नाही. बाबा किती म्हातारे दिसत होते. मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं. आईचंही तोंड माझ्याकडे लागलं होतं, आणि हो म्हणणं फार सोपं होतं.

मी उभीच राहिले.

“नाही बाबा. मी ठरवलंय,” मी म्हटलं. “हा निरोप मी नेणार नाही. आजीला तुम्ही सांगायचं, गुरुवारी, काकूचा भाऊ पानावर बसायच्या आधी, काकू समोर असताना. आई, तू बाबांच्या शेजारी उभं राहायचं. आणि तुम्ही नाही बोललात, तर काकूच्या बंडीत मी बसणार आहे. गिरडला मुलींना चौथीच्या पुढे शाळा नाही, मला माहीत आहे. तरी मी तिच्यासंगं जाणार, आणि परत येणार नाही.”